मागची सीट नसलेली गाडी

गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली. तिला स्वतःची चाकं होती, पण त्यांतली काही फिरत नव्हती, म्हणून राईस मिलच्या हमालांनी ती फळ्यांवरून ट्रॉलीत चढवली आणि आमच्या अंगणात फळ्यांवरूनच खाली उतरवली. उतरवताना दाराच्या फटीतून धानाचा भुसा गळू लागला. पुढे कित्येक महिने तो गळतच राहिला. सीटखालून, दिव्यांच्या खोबणीतून, एकदा हॉर्नमधूनसुद्धा.

बालाघाटच्या आसपास राईस मिल इतक्या आहेत की कुठल्या मिलच्या शेडमध्ये काय पडून आहे याची कोणी चौकशी करत नाही. ही गाडी एका मँगनीज खाणीच्या गोऱ्या व्यवस्थापकानं आणली असं सांगतात. काही जण तिरोडीच्या खाणीचं नाव घेतात. त्याला दुजोरा मिळाला नाही. त्या व्यवस्थापकानंतरच्या एका ठेकेदाराच्या नावची नोंदणी मात्र होती आणि ती मिलमालकाच्या घरापर्यंत रीतसर चालत आली होती. गाडी इंग्लंडमध्ये बनलेली. दोन दारं, दोन सीट, उघडा टप, लांब नाक, आणि उंची इतकी कमी की उभ्या माणसाला बॉनेटवर हात टेकायचा तर वाकावं लागे.

ती माझ्या मोठ्या बहिणीनं घेतली होती. बहीण शिक्षिका. बहुतेक नोकरी बैहर तहसिलीतल्या शाळांत झाली आणि निवृत्तीनंतर ती वडिलांनी बांधलेल्या घरात राहायला आली. मी नागपूरच्या एका दैनिकात बातम्या तपासायचं काम केलं आणि निवृत्त होऊन त्याच घरात आलो. मिलमालक तिच्या वर्गात शिकलेला. शेड मोकळी करताना तो गाडी भंगारात काढणार होता. बहिणीनं ती त्याच भावात मागून घेतली. याची घरात चर्चा झाली नव्हती. ट्रॉली फाटकाशी आली तेव्हा मला कळलं.

लहानपणी तिच्या डाव्या पायाला पोलिओ झाला होता. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि उजव्या हातात काठी. गाव तिच्याबद्दल हेच आधी सांगतं, म्हणून इथेही आधी सांगून टाकलं. गाव जे सांगत नाही ते असं: तिचा सगळा प्रवास दुसऱ्यांच्या गाड्यांतून झाला. कोणाच्या स्कूटरवर मागे, कोणाच्या जीपमध्ये मागे, पुढे माझ्या मोटरसायकलवर मागे. कुठे जायचं, कशाला जायचं, कधी परतायचं, हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय तिला फाटकाबाहेर पडता आलं नव्हतं.

"ताई, चालवाचीच हाय त ऑटोमॅटिक घे न," मी म्हटलं. "क्लचच नसते त्याच्यात. उजवा पाय त चांगला हाय तुहा."

"आनं मागं कोण बसन?"

"कोणीबी बसन."

"तेच त नाही पाह्यजे मले. ह्या गाडीले मागची सीटच नाही."

"बाजूची त हाय न."

"बाजूचा मानूस मी बोलावीन तवा बसन, बाबू."

ऑटोमॅटिक नको असण्याचं आणखी एक कारण होतं, ते तिनं नंतर कधीतरी सांगितलं. बैहरच्या घाटात प्रवासी जीप चालत तेव्हा मागची गर्दी वाढली की मास्तरीणबाई म्हणून तिला पुढे बसवत. ड्रायव्हरच्या शेजारी आणखी दोघं-तिघं असत, आणि गिअरचा दांडा तिच्या गुडघ्यांच्या मधे येई. ड्रायव्हर गिअर बदलायला हात घालण्याआधी पाय बाजूला घ्यावा लागे. कॅलिपरचा पाय पटकन हलत नाही. म्हणून ती इंजिनचा आवाज ऐकायला शिकली, आणि चढावर आवाज जड झाला की ड्रायव्हरच्या आधी तिचा हात कॅलिपरचा पाय उचलायला गेलेला असे. गिअर कधी बदलायचा हे तिला पाठ होतं. स्वतः तो कधी बदलला नव्हता.

काम करायला मिस्त्री आला. खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, राज्याच्या सीमेवरच्या गावातल्या शेतकरी घरातला, तोंडानं फटकळ. त्याच्याकडे इंचाचे पाने होते, आणि गाडीचे सगळे नट इंचाचे होते. बाजारातला मिलिमीटरचा एकही पाना त्यांना बसत नव्हता. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली.

"बाई, ही गाडी नोहे. चप्पल हाय."

"चप्पल त चप्पल," ताई म्हणाली. "पायात घालून पाहू."

मिस्त्री हसला नाही. शाळेच्या बाईसमोर हसायचं की नाही हे त्याला ठरवता आलं नसावं. दुसऱ्या दिवशी तो आपली पेटी घेऊन आला आणि पेटी आमच्याच पडवीत राहिली.

कामाची वाटणी आपोआप झाली. मिस्त्री खोले, ताई प्रत्येक भाग रॉकेलमध्ये धुऊन कापडावर मांडे, आणि मूळ गाडी कशी होती हे शोधायचं काम माझ्याकडे आलं. परदेशातल्या हौशी लोकांनी जुनी पुस्तिका इंटरनेटवर टाकली होती, ती छापून घेतली. गाडीच्या वरच्या लाल रंगाखाली खाणीचा पिवळा निघाला, पिवळ्याखाली डॅशबोर्डच्या मागे, जिथे कोणाचा ब्रश पोचला नव्हता तिथे, गडद हिरवा. मूळ रंग तो. गाडी त्याच रंगात रंगवायची हे मी ठरवलं आणि कोणी विरोध केला नाही. तळाचा पत्रा गंजून चाळणी झाला होता. नवा पत्रा लोखंडी कपाटं बनवणाऱ्यानं कापून दिला. वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं. सीट ऑटोरिक्षाच्या सीट शिवणाऱ्यानं शिवल्या आणि न सांगता त्यांना लाल गोट लावला. तो मला काढून हवा होता. ताईनं ठेवायला लावला.

कार्बोरेटर दोन होते. मिस्त्री रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं आळीपाळीनं दोन्हींच्या तोंडाशी धरायचा.

"काय ऐकून राह्यले?" मी विचारलं.

"दोघंबी सारखाच श्वास घेऊन राह्यले का, ते. तुमच्या पेपरात नाही का, एक जन लिहिते नि दुसरा झोपते?"

पहिला खरा वाद दांडीवरून झाला. गाडी इतकी बुटकी की आत उतरणं ताईला जमे, हातांत जोर होता. पण बाहेर येताना वर ओढून घ्यायला काही नव्हतं. मिस्त्रीनं भंगारातल्या बसची छताजवळची धरायची दांडी आणली आणि समोरच्या काचेच्या चौकटीला आतून बोल्टनं कसायचं ठरवलं. त्यासाठी नुकत्याच रंगवलेल्या चौकटीला भोकं पाडावी लागणार होती.

"एवढी मेहनत करून मूळचा रंग शोधला," मी म्हटलं, "आनं त्याले भोक?"

"मूळच्या गाडीत मूळचा साहेब बसे," ताई म्हणाली. "आता मी बसून राह्यली. पाडा भोक, मिस्त्री."

भोकं पडली.

क्लचचं काम सर्वांत अवघड होतं. डावा पाय पेडल दाबू शकत नाही, म्हणून क्लच हातानं दाबला जायला हवा. पण डाव्या हाताला गिअर टाकायचा असतो आणि उजव्यानं स्टिअरिंग सोडता येत नाही. मिस्त्रीनं मोटरसायकलच्या क्लचची मूठ गिअरच्या दांड्यावरच बसवली. बोटांनी मूठ आवळायची, त्याच हातानं गिअर टाकायचा, मग बोटं हळूहळू सोडायची. मुठीपासून निघालेली तार क्लचचं पेडल ओढे. पहिल्यांदा ती मूठ मलाही आवळता आली नाही, इतकी जड होती. मग एका मोडीत निघालेल्या जीपचा ब्रेकचा बूस्टर आला. इंजिन चालू असताना हा डबा पायाच्या जोराला आपला जोर जोडतो. तो क्लचच्या पेडलला जोडल्यावर मूठ सायकलच्या ब्रेकइतकी हलकी झाली. पेडल मिस्त्रीनं जागेवरच ठेवलं. पायवाल्या माणसालाही चालवता यावी, एवढाच त्याचा विचार.

गाडी तयार झाली त्या दिवशी घरी बुद्धवंदना झाली आणि मिस्त्रीनं स्वतःच्या समाधानासाठी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. दोन्हीला कोणाची हरकत नव्हती. मिस्त्रीचा आणखी एक नेम होता, तो मला तेव्हाच कळला. दुरुस्त केलेली गाडी मालकाच्या आधी तो स्वतः रस्त्यावर काढत नसे.

"काहून?"

"मिस्त्रीनं आंधी चालवली त गाडी मिस्त्रीची होते, भाऊ. मंग रोज त्याच्याच दारात येऊन उभी राह्यते, बिघडून."

म्हणून त्यानं गाडीची सगळी तपासणी ती लाकडी ठोकळ्यांवर उचलून केली होती. इंजिन चालू, चाकं हवेत. मूठ आवळली की चाकं थांबत, सोडली की फिरत. सगळं ठीक होतं.

धान वाळवायचं मिलचं सिमेंटचं आवार तेव्हा रिकामं होतं. मिलमालकानं ते सरावासाठी दिलं आणि गाडी ट्रॅक्टरनं ओढून तिथे नेली. ताईनं पहिला गिअर टाकला, बोटं सोडायला सुरुवात केली, आणि गाडी थडथडत, उड्या मारत हातभर पुढे जाऊन बंद पडली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा गाडी चालली, पण वेग वाढवला तर इंजिन नुसतंच ओरडू लागलं आणि चाकांना त्याचं काही कळलं नाही. शेडच्या सावलीत बसलेल्या हमालांची करमणूक झाली.

"बाई, बैल नवा हाय! गोंजारा त्याले!"

"तूच ये न, तुले जुंपते," ताई तिथूनच म्हणाली.

पुढचे कित्येक दिवस असेच गेले. मिस्त्रीनं तार घट्ट केली, सैल केली, मुठीची जागा बदलली. ताईची बोटं सुजली. घरी ती जेवताना डावा हात मांडीवर ठेवून बोटं हळूहळू उघडायचा सराव करायची. हमालांनी चेष्टा करणं सोडून दिलं. ते जास्त वाईट होतं. शेवटी मिस्त्रीच बोलला, नेहमीपेक्षा हळू आवाजात.

"बाई, राग मानू नका. हात थरथरून राह्यला तुमचा. पायाचं काम हाताले सांगतलं त हात किती करन?"

ताईनं हाताकडे पाहिलं. तो खरोखरच थरथरत होता. थकल्यामुळे, की आधीपासून, हे तेव्हा सांगता आलं नसतं.

त्याच सुमारास नागपूरहून एक गृहस्थ आले. जुन्या गाड्या जमवणारे. मिलमालकाच्या ओळखीतून त्यांना या गाडीची खबर लागली होती. बोलायला सभ्य, माहितीला पक्के. त्यांनी हिरवा रंग ओळखला आणि माझं मनापासून कौतुक केलं. सीटचा लाल गोट पाहून ते पुढे सरकले. बसची दांडी आणि गिअरवरची मूठ त्यांनी बराच वेळ पाहिली.

"हे सगळं काढता येईल," ते ताईला म्हणाले. "भोकं बुजवता येतात. तुम्ही काळजी करू नका. गाडी पुन्हा जशी होती तशी होईल."

"मी काळजी नाही करून राह्यली," ताई म्हणाली.

परिवहन कार्यालयात बदललेल्या गाडीची आणि तिच्या लायसन्सची तपासणी होणार होती. तारीख मिळाली होती. ताईनं त्यांना ती सांगितली. त्या दिवशी तिला गाडी चालवता आली नाही तर त्यांनी येऊन घेऊन जावी. ते पाहुणचाराचा चहा पिऊन गेले. मिस्त्रीनं पेटीतली हत्यारं पुसून लावून ठेवली, काम संपल्यावर ठेवतात तशी.

त्यानंतर ताई दोन दिवस आवारात गेली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मिस्त्रीला बोलावलं आणि आम्ही तिघं तिथे गेलो.

"मिस्त्री, आज तुम्ही चालवा. पायानं."

"नाही बाई. नेम हाय माहा."

"तुमचा नेम मालकाच्या आंधीचा हाय. मी त चालवली न? जशी चालली तशी."

मिस्त्री माझ्याकडे पाहू लागला.

"पाहा," ताई म्हणाली, "वर्गातले सगळे नापास झाले त पोरं ढ नसतात, पेपर तपासा लागते. पन ह्या वर्गात मी एकटीच हाय. दुसरं पोरगं बसवल्याबिगर समजन कसं?"

मिस्त्रीनं चप्पल काढली, तो आत बसला, आणि दोन धडधाकट पायांनी गाडी सुरू केली. गाडी थडथडली, उडी मारून बंद पडली. त्यानं पुन्हा सुरू केली. आवाराच्या टोकापर्यंत तो गेला तेव्हा इंजिन ओरडत होतं, चाकं रेंगाळत होती, आणि परत आला तेव्हा करपल्याचा वास आमच्यापर्यंत पोचला. त्यानं गाडी बंद केली.

"बाई," तो म्हणाला, "पेपरच चुकला हाय."

"कोनी काढलता?"

"मीच."

इंजिन आणि गिअरबॉक्स पुन्हा बाहेर काढावे लागले. लोखंडी तिवईला साखळीची कप्पी बांधून ते वर उचलले. क्लचची प्लेट निघाली तेव्हा तिचा पृष्ठभाग काळा आणि ओला होता. ग्रीस. प्लेट ज्या दात्यांवर सरकते तिथे ग्रीसचं नुसतं बोट फिरवायचं असतं; मिस्त्रीनं तिथे मूठभर भरलं होतं. इंजिन तापलं, ग्रीस पातळ झालं, आणि प्लेट फिरताना ते तिच्या पकड घेणाऱ्या पृष्ठभागावर उडून पकड सुटू लागली. ठोकळ्यांवर, हवेत फिरणाऱ्या चाकांना ओझं नसतं, म्हणून तिथे काही दिसलं नाही.

"एवढं काहून भरलं?" मी विचारलं.

"भाऊ, खानीत सगळीकडं धूळ. पंपात धूळ, मोटारीत धूळ, डब्यातल्या पोळीत धूळ. जिथं जागा दिसली तिथं ग्रीस दाबाचं, म्हंजे धुळीले जागा नाही भेटत. सारी नोकरी ग्रीस कमी पडलं म्हनून शिव्या खाल्ल्या. जास्ती झालं म्हनून एकबी नाही."

"आता खा," ताई म्हणाली.

तो मनापासून हसला. गाडी आल्यापासून पहिल्यांदा तो तिच्यासमोर हसला. मग त्यानं तिचा डावा हात, शाळेच्या बाईचा हात धरावा की नाही याचा विचार न करता, आपल्या हातात घेऊन पालथा-उलथा पाहिला आणि सोडून दिला.

प्लेटवर नवं अस्तर गोंदियाहून बसवून आणलं. गाडी जोडली. या वेळी मिस्त्रीनं आधी स्वतः चालवून पाहिली आणि आपल्या दाराशी येऊन उभी राहिली तर पाहून घेऊ, म्हणाला. ताईनं बोटं सोडली आणि गाडी चालू लागली. एवढंच झालं. सांगण्यासारखं नाट्य त्यात नव्हतं. ती आवाराभोवती फिरत राहिली, आवाज जड व्हायच्या किंचित आधी गिअर बदलत. हमाल आपापल्या कामाला लागले.

परिवहन कार्यालयातला निरीक्षक तरुण होता. त्यानं मूठ आवळून पाहिली, बूस्टर पाहिला, बॉनेटखाली वाकून तारेचा मार्ग पाहिला, मग ताईच्या बाजूला बसला. मैदानाला दोन फेऱ्या, उलटी गाडी, मग बाहेरच्या चढावर थांबवून पुन्हा सुरू करणं. चढावर एकदा इंजिन बंद पडलं. इंजिन बंद पडलं की बूस्टरचा जोर जातो, मूठ जड होते. लांबून मला दिसलं ते इतकंच की गाडी मागे घसरली नाही. तिनं हँडब्रेक ओढला, गिअर काढला, इंजिन सुरू केलं आणि ती चढली.

परत आल्यावर निरीक्षकानं कागदावर काहीतरी लिहिलं, दार उघडलं आणि तो बसूनच राहिला.

"मैडम, इसमें से उतरते कैसे हैं?"

"वो डंडी पकड़ो, बेटा," ताई म्हणाली. "मेरे लिए लगाई है, पर चलेगा."

नागपूरच्या गृहस्थांना तिनं स्वतः फोन केला. त्यांनी अभिनंदन केलं आणि भोकं बुजवायचा विचार कधी झाला तर कळवा म्हणाले.

लायसन्स आणि गाडीतल्या बदलाची नोंद, दोन्ही हातात आल्यानंतरची गोष्ट. मी सकाळी बाहेर आलो तेव्हा अंगणात गाडी नव्हती. ताईची काठीही नव्हती. फाटक उघडं होतं. स्वयंपाकघरात माझ्यासाठी चहा झाकून ठेवला होता, चिठ्ठी नव्हती. फोन तिनं सोबत नेला होता. मी लावला नाही. थोड्या वेळानं मिस्त्री आला. आता काही काम उरलं नव्हतं, पण पेटी अजून आमच्याकडे होती आणि तो रोज तिला पाहायला येई.

"बाई कुठं गेल्या?"

"मालूम नाही."

"पेपरवाले असून मालूम नाही?"

तो पायरीवर बसला. दुपार व्हायला आली तेव्हा इंजिनचा आवाज वळणावर ऐकू आला, गिअर बदलला, आणि गाडी आत आली. टप उघडा होता. ताईच्या केसांवर ओढणी घट्ट बांधलेली होती. दांडी धरून ती उठली, काठी घेतली आणि उभी राहिली. मिस्त्रीनं बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच उचलला.

"लय दूर गेलत्या, बाई."

"हौ," ताई म्हणाली आणि घरात गेली.

खाणीकडच्या रस्त्याची धूळ काळसर असते, बैहरकडची लाल, हट्टा गावाच्या बाजूची पांढरट. इथे राहणाऱ्याला चाकं पाहून गाडी कुठून आली ते सांगता येतं. मी वाकून पाहिलं. चारही चाकं ओली आणि स्वच्छ होती. कुठेतरी थांबून तिनं ती धुऊन घेतली होती.